कॅम्पर व्हॅन दुरुस्तीला कोणाकडे द्यावी?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पती-पत्नींनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. मिनीबसच्या चासीवर पुण्याच्या एका बॉडी बिल्डरने ती बांधलेली आहे. या पावसाळ्यात पलंगाच्या वरून पाणी ठिबकू लागले, घराच्या भागाची बॅटरी रात्रभरही टिकत नाही आणि गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इंजिन आणि ब्रेक पाहू, आतल्या घराला हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. माझे मेव्हणे उद्यमनगरातील त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रींचा आग्रह धरतात, मेस्त्री म्हणाले, "सोडा गाडी, सगळं करून देतो." पुण्यात असलेली मुलगी म्हणते की ज्याने बांधली त्यालाच द्या, तो तीन आठवडे मागतो आहे. दिवाळी झाली की हंपीला जायचे ठरले आहे. गाडी नेमकी कोणाकडे द्यावी?

उत्तर : तुम्हाला सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. अडचण एवढीच की सारेजण संपूर्ण गाडी एकाच ठिकाणी द्यायची असे गृहीत धरून बोलत आहेत. कॅम्पर व्हॅनमध्ये एक वाहन असते आणि त्या वाहनावर बांधलेले एक लहान घर असते. वाहनाचा भाग कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होतो. त्याचे सुटे भाग, त्याची मापे आणि दुरुस्तीची रीत ठरलेली असते. घराचा भाग मात्र एखाद्या कारागिराने आपल्या पद्धतीने बांधलेला असतो आणि कोणती वायर कोणत्या पॅनेलमागून गेली आहे, हे बहुतेक वेळा फक्त त्यालाच ठाऊक असते. या दोन्ही बाबी सारख्याच जाणणारा माणूस मोठ्या शहरांतही सहज सापडत नाही, त्यामुळे "सगळं करून देतो" हे आश्वासन कितीही प्रामाणिक असले तरी त्यावरून मेस्त्रींना नेमके काय येते याचा बोध होत नाही.

माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे. ब्रेकचे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावे आणि ते याच आठवड्यात द्यावे. छपराचे काम कोल्हापूर परिसरातच बस आणि ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला द्यावे, मात्र गळती कोठून आहे हे त्याने तुमच्यासमोर शोधून दाखवल्यानंतरच. बॅटरीचे काम छप्पर कोरडे झाल्यावर, स्वतंत्र वायरिंगवाल्याकडून करून घ्यावे. मेव्हण्यांच्या मेस्त्रींनाही देण्यासारखे काम तुमच्या गाडीत असणार आणि त्याविषयी पुढे लिहितो. पुण्याला तूर्त गाडी नेऊ नये. तिकडे आधी एक पत्र किंवा संदेश पाठवावा. हंपीचा बेत डिसेंबरवर ढकलावा.

ब्रेकपासून सुरुवात करण्याचे कारण उघड आहे. गळक्या छपराखाली भांडे ठेवता येते, उतारावर ओढणाऱ्या गाडीला असा कोणताही तात्पुरता उपाय नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जाते याचा अर्थ दोन्ही बाजूंची चाके सारखी धरत नाहीत. एका बाजूचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा भाग, अडकलेला असू शकतो, ब्रेकचा रबरी होज आतून फुगलेला असू शकतो किंवा हबचे सील गळून लायनिंगवर तेल आलेले असू शकते. महिनोन् महिने जागेवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये हे प्रकार नेहमीच्या वापरातल्या गाड्यांपेक्षा जास्त आढळतात, कारण न हलणाऱ्या पिना आणि पिस्टन गंजतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब घाटात पेडल मऊ पडू लागते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. जुनी गाडी घेताना मागच्या मालकाने ते कधी बदलले हे सहसा कोणी विचारत नाही. टायरचेही तसेच आहे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटात भरवशाचा मानू नये.

हे काम ओळखीच्या गॅरेजमध्येही होते, आणि स्वस्तात होते, हे मला मान्य आहे. तरीही कंपनीच्या केंद्राचे नाव मी घेतो, कारण तेथे भाग सीलबंद पाकिटातून येतो, पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलले जातात आणि झालेल्या कामाची नोंद गाडीच्या क्रमांकावर राहते. गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण मानकाची असेल तर इंजिनाच्या बाबतीतही त्यांचे संगणकीय निदान उपयोगी पडते. आतल्या घराला हात लावणार नाही असे त्यांनी सांगितले, याचा तुम्हाला राग आलेला पत्रात जाणवतो. मला मात्र ते उत्तर सरळ वाटले. जे येत नाही ते घेणार नाही, असे सांगणारी माणसे या व्यवसायात फार नाहीत. फक्त जाण्यापूर्वी छपरासह गाडीची एकूण उंची मोजून त्यांना कळवा. उंच छपराची व्हॅन शेडच्या दारातून आत जात नाही आणि साध्या मोटारींच्या लिफ्टला तिचे वजन पेलत नाही, हे अनेकदा गाडी दारात गेल्यावर लक्षात येते.

वजनाचा विषय निघाला आहे तर ब्रेकवाल्यांकडे जाण्यापूर्वी एक काम करून घ्या, त्यासाठी मेस्त्री लागत नाही. पाण्याची टाकी भरा, नेहमीचे सामान ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसावर किती भार पडतो ते कळेल. हे आकडे आरसी बुकातील एकूण वजनाशी ताडून पाहा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर ही सगळी मंडळी बांधणाऱ्याने सोयीसाठी डावीकडेच बसवली असतील तर गाडी त्या बाजूला झुकते, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) लवकर बसतात आणि ब्रेकवाल्याला न सापडणारा दोष कायम राहतो. सपाट जागी उभे राहून दोन्ही बाजूंच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजली तरी पुष्कळ कळते. काटा शिरोलीला मिळेल, मार्केट यार्डाकडे मिळेल. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गेलात तर रांग नसेल. काटामारीवरून आंदोलने होणाऱ्या जिल्ह्यात राहत असल्यामुळे एका काट्यावर विश्वास नसेल तर दोन ठिकाणी वजन करा, खर्च फार येत नाही.

आता उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगरातील कारागिरीबद्दल कोल्हापूरकराला अभिमान असतो आणि तो रास्त आहे. स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर ज्या गावात होऊन गेले, तेथे बाजारात न मिळणारा भाग लेथवर करून घेण्यात कोणालाच विशेष वाटत नाही. कॅम्पर व्हॅनच्या मालकाला तर हे वरदानच आहे. दाराची तुटलेली बिजागरी, आत चढण्याची वाकलेली पायरी, टाकीचे ब्रॅकेट, पलंगाची सरकपट्टी, चांदणीचा (बाहेर ओढायच्या कापडी छताचा) मोडलेला हात, पाटे आणि बुश ही कामे तुम्हाला पुण्यात जास्त पैसे देऊनही इतकी नेटकी मिळणार नाहीत. मेव्हण्यांच्या मेस्त्रींना ही कामे आनंदाने द्या. मात्र ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि सीटबेल्टचे आधार यांतला कोणताही भाग घडवून बसवू देऊ नका, तो कंपनीचाच घ्या. मूळ लोखंड कोणत्या प्रतीचे होते, त्याला उष्णतेची कोणती प्रक्रिया दिली होती, हे डोळ्यांना दिसत नाही. माप तंतोतंत जुळले तरी ताकद जुळेलच असे नाही. तसेच, चासीला किंवा बॉडीला इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचे असल्यास दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा आधी सोडवाव्या लागतात आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा लागतो, नाही तर गाडीचे नियंत्रक यंत्र, अल्टरनेटर आणि सोलरचा चार्ज कंट्रोलर यांपैकी काहीही जळू शकते. ही काळजी मेस्त्री स्वतःहून घेतात की तुम्हाला सांगावी लागते, एवढ्यावरूनच त्यांच्याविषयी पुष्कळ कळेल. वेल्डिंगपूर्वी गॅस सिलिंडर गाडीतून खाली उतरवणे तर तुमचेच काम आहे. गाडी कोणत्याही गॅरेजला सोडताना तो घरीच ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो तळाशी साचून राहतो, आणि गॅरेजमध्ये ठिणगी जमिनीजवळच पडते.

या सर्व कामांत सर्वात अवघड काम छपराचे आहे, आणि गाडी कोणाकडे द्यावी याचा खरा कस तेथेच लागतो. पाणी जेथे ठिबकते तेथून ते आत आलेले नसते. छपराच्या पत्र्यातून किंवा फायबरमधून शिरलेले पाणी आतल्या आडव्या पट्ट्यांवरून, इन्सुलेशनच्या थरातून, कधी वायरच्या नळीतून वाहत दोन-तीन फूट दूर जाऊन बाहेर पडते. तुमच्या पलंगाच्या वर ते दिसते म्हणून पलंगाच्या वरचाच सांधा दोषी आहे असे समजून तेथे सिलिकॉन मारणे, ही या कामातली सर्वात प्रचलित आणि सर्वात महाग पडणारी पद्धत आहे. महाग अशासाठी की एकदा सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट नीट चिकटत नाही, सिलिकॉनवर नवे सिलिकॉनसुद्धा धरत नाही, आणि मग जो चांगला कारागीर येतो त्याचा निम्मा वेळ ते खरवडून काढण्यातच जातो. म्हणून पहिल्या भेटीतच जो छपराकडे नजर टाकून "दोन ट्यूब सिलिकॉन लागेल" असे सांगेल, त्याला गाडी देऊ नये, मग तो कोणाच्याही ओळखीचा असो.

योग्य माणूस आधी शिडी मागतो. छपरावर जेथे जेथे भोक आहे त्या प्रत्येक जागेची तो पाहणी करतो. सोलर पॅनेलच्या ब्रॅकेटचे स्क्रू, हवेसाठीची छपरातली खिडकी, एसी असल्यास त्याची चौकट, वायर आत जाण्याची जागा, चांदणीची पट्टी, कोपऱ्यांवरचे दिवे आणि मूळ गाडीचे छप्पर व नंतर बसवलेले फायबरचे उंच छप्पर यांमधला सांधा, असा हा सारा पसारा असतो. त्यानंतर तो पाण्याची नळी घेतो. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून खालच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेका सांध्यावर काही मिनिटे बारीक धार सोडतो आणि मगच वर सरकतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळते आणि दोषी कोण ते कळत नाही. या परीक्षेला दोन-तीन तास लागू शकतात. त्याची मजुरी वेगळी मागितली तर ती बिनतक्रार द्यावी, कारण दुरुस्तीपेक्षाही हे निदान अधिक मोलाचे आहे.

दोष सापडल्यावर जुने सीलंट पूर्ण काढावे लागते, लाकूड कोरडे होऊ द्यावे लागते आणि मग ब्युटाइल टेप, पॉलियुरेथेन सीलंट किंवा फायबरचा थर यांपैकी त्या जागेला योग्य असेल ते वापरावे लागते. पलंगाच्या वरचे प्लायवूड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहायला सांगा. टोक सहज आत गेले तर ते कुजले आहे आणि बाहेरून कितीही बंदोबस्त केला तरी तेवढा तुकडा बदलावाच लागेल. नवीन प्लाय आयएस ७१० या मरीन प्रतीचे मागा, साधे कमर्शियल प्लाय ओलाव्यात फार टिकत नाही. सीलंट ओल्या पृष्ठभागावर धरत नसल्यामुळे हे काम परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यानंतर, नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत करावे. हंपी पुढे ढकला म्हणतो ते मुख्यतः यासाठी. पुढच्या जूनची वाट पाहू नका, कारण तोपर्यंत लाकूड आणखी कुजेल आणि पावसाच्या तोंडावर प्रत्येक बॉडीवाल्याकडे ताडपत्री-गळतीवाल्यांची गर्दी असते.

हे काम बस-ट्रकच्या बॉडीवाल्याला द्या असे मी म्हणतो, कारण रिव्हेट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबर यांचे सांधे पाऊस व हादरे दोन्ही सोसून टिकवणे हा त्याचा रोजचा व्यवसाय आहे. मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याचा हात रंगावर चांगला असतो, पण तुम्हाला रंग नको आहे. असा माणूस निवडताना मोबाइलवरील तारे मोजत बसू नका. ते बहुधा गाडी मिळाली त्या दिवशीच्या समाधानातून दिलेले असतात. एक पावसाळा उलटून गेलेला ग्राहक दाखवा, असे सांगा. शाळेच्या बसचा मालक असेल, फिरत्या दवाखान्याची गाडी असेल, त्याच्याशी पाच मिनिटे बोला. गॅरेजमध्ये गाडी रात्री छपराखाली उभी राहणार की उघड्यावर, हेही पाहून या. घराचे सामान आत असलेली गाडी चावीसकट कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारावा. आणि शक्य तितके सामान आधी उतरवूनच न्यावे.

बॅटरीच्या बाबतीत मी तुम्हाला आधी कागद-पेन्सिल घ्यायला सांगेन, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब जड नाही. समजा तुमचा बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना चार अँपिअर घेतो आणि रात्रीच्या बारा तासांपैकी निम्मा वेळ चालतो, तर तो चोवीस अँपिअर-तास खातो. दोन अँपिअरचा पंखा आठ तास चालला की आणखी सोळा. म्हणजे चाळीस झाले. शंभर अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते, त्यामुळे नवी असतानाही तिच्यातून पन्नासच धरायचे; जुनी होऊन तिची क्षमता अर्धी राहिली असेल तर पंचवीस. तेव्हा तुमची बॅटरी रात्रभर टिकत नाही यात कदाचित वायरिंगचा दोषच नसेल. जमा-खर्च जुळत नसेल तेथे कोणताही वायरिंगवाला चमत्कार करू शकत नाही. उलट हिशेबाप्रमाणे बॅटरी टिकायला हवी आणि तरी टिकत नाही असे आढळले, तर सर्व दिवे-पंखे बंद असताना किती प्रवाह वाहतो हे क्लॅम्प मीटरने मोजून देणारा माणूस शोधा. मागच्या मालकाने लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बॅटरी बसवून जुनाच चार्जर ठेवला असेल, तर ती पुरती भरतच नसेल. छपरातून आलेले पाणी एखाद्या जोडावर साचून तो हिरवा पडला असेल, हेही शक्य आहे, आणि म्हणूनच छप्पर आधी म्हणालो.

येथे माणूस निवडणे थोडे कठीण जाते, कारण गाडीच्या वायरिंगवाल्याला बारा व्होल्ट कळतात, घराच्या वायरमनला दोनशे तीस व्होल्ट कळतात आणि सोलरवाल्याला पॅनेल कळते; तुमच्या गाडीत हे तिन्ही एकाच कपाटात असते. मी एक प्रश्न सुचवतो. हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर असेल तर बॅटरीकडून किती अँपिअर जातील आणि फ्यूज कोठे बसवाल, असे त्याला विचारा. प्रवाह पंचाऐंशी ते शंभर अँपिअरच्या घरात जातो, त्याला घरगुती जाडीची वायर अजिबात चालत नाही आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, धन टोकाच्या वायरवर असावा लागतो. हे त्याने न अडखळता सांगितले तर काम द्या. बाहेरून वीज घेण्याची सोय गाडीत असेल तर तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या घरात तो नसणे जिवावर बेतू शकते.

काम कोणालाही द्या, जॉब कार्डावर उपाय लिहू नका, तक्रार लिहा. "छपराला सीलंट लावणे" असे लिहिले तर सीलंट लावले की काम पूर्ण झाले, गळती थांबो वा न थांबो. "पलंगावरील गळती शोधून बंद करणे व पाण्याच्या धारेखाली दाखवणे" असे लिहिले तर जबाबदारी त्याची राहते. अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यापेक्षा जास्त खर्च निघाल्यास आधी फोन करावा असे त्यावरच लिहून ठेवा, बदललेले जुने भाग परत मागा आणि उघडलेल्या पॅनेलची छायाचित्रे काढून पाठवायला सांगा. बिल पक्के घ्या. जीएसटी वाचवण्यासाठी पांढऱ्या चिठ्ठीवर काम करून घेतले तर पुढे वाद झाल्यास हातात पुरावा राहत नाही. पक्के बिल असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मेव्हण्यांच्या ओळखीत हे सगळे लिहून मागायचे कसे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. माझा अनुभव असा आहे की ओळखीच्या व्यवहारात कागद असला तर ओळख टिकते.

मुलीचा सल्ला मी बाजूला सारलेला नाही. बांधणाऱ्याकडे एक अशी गोष्ट आहे जी कोल्हापुरात कोणाकडेही नाही, ती म्हणजे तुमच्या गाडीची माहिती. त्याला लिहून तीन गोष्टी मागा : वायरिंगचा आराखडा, पाण्याच्या नळ्यांचा आराखडा आणि छपराच्या सांध्याला कोणते सीलंट वापरले होते ते. त्याने या गोष्टी पाठवल्या तर तिकडे जाण्याचे निम्मे कारण उरत नाही. त्याने टाळाटाळ केली तर तीन आठवड्यांच्या मुदतीवर किती विसंबायचे याचा अंदाज तुम्हाला येईल, कारण नव्या गाड्यांच्या बांधणीत गुंतलेल्या कारखान्यात जुन्याची दुरुस्ती नेहमीच मागे पडते. मात्र पाण्याच्या परीक्षेत मूळ पत्रा आणि उंच फायबर छप्पर यांमधला सांधाच उघडा पडला आहे असे निघाले, तर तो बांधणीचा दोष आहे. अशा वेळी गाडी पुण्यालाच न्यावी, आणि जुन्या मालकाला दिलेली हमी नव्या मालकाला लागू होते का, हे आधी लेखी विचारावे. २३० किलोमीटरचा तो प्रवासही ब्रेक दुरुस्त झाल्यावरच.

दुरुस्तीवर मोठा खर्च करण्यापूर्वी आरसी बुक एकदा डोळ्यांखालून घाला. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीतला स्वतंत्र प्रकार आहे आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानकही आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या गाड्यांबद्दल उत्साह वाढला आहे, परंतु जुन्या बाजारात आरसीवर मिनीबस आणि आत पलंग असा प्रकार आजही दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. तुमच्या आरसीवरील वर्णन प्रत्यक्ष गाडीशी जुळत नसेल तर आधी आरटीओ कार्यालयात जाऊन ते मार्गी लावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा, कारण अपघातानंतर सर्वेक्षक पहिल्यांदा हेच पाहतो. गळती, झीज आणि बॅटरीचा बिघाड यांचा खर्च नेहमीच्या मोटार विम्यातून मिळत नाही, तेव्हा त्यासाठी कॅशलेस गॅरेज शोधण्यात वेळ घालवू नका. दुरुस्ती करता करता छपरावर एसी बसवून देतो, टाकी मोठी करून देतो, असे कोणी सुचवले तर ती दुरुस्ती राहत नाही, तो बदल होतो. ते काम या फेरीत घेऊ नये.

शेवटचे पैसे देण्यापूर्वीच्या परीक्षा अशा. ब्रेक आधी रिकाम्या सपाट रस्त्यावर, मग मेकॅनिकला शेजारी बसवून पन्हाळ्याच्या उतारावर. छप्पर नळीच्या धारेखाली, आत तुम्ही स्वतः बसून. बॅटरीसाठी गाडी दारातच उभी करून एक रात्र दोघांनी तिच्यात काढा, फ्रिज, पंखा, पंप नेहमीसारखे वापरा आणि सकाळी मोजा. लेड-ॲसिड बॅटरीवरचा भार काढून थोड्या वेळाने घेतलेले व्होल्टेज १२.२ च्या खाली गेले असेल तर ती निम्म्याहून अधिक रिकामी झाली आहे. लिथियम असेल तर व्होल्टेजवरून नीटसे कळत नाही, त्यासाठी शंट लावलेले, म्हणजे बॅटरीत आलेला-गेलेला प्रवाह मोजणारे, मीटर बसवून घ्या.